कोंबडीवरचा उजेड

९ जून

प्रियाची गेल्या वर्षीची वही अर्धी कोरी निघाली, ती मी ढापली. आज जे झालं ते कुणाला तरी सांगायचं आहे आणि नवरा, स्वप्नील, सेकंड शिफ्टला गेलाय.

खालापूरला तहसीलच्या समोर माझं डीटीपीचं दुकान. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, अर्ज आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. शेजारचे संतोषभाऊ कर्णुक कोंबड्यांचं खाद्य आणि औषधं विकतात, शिवाय पोल्ट्रीवाल्यांसाठी एक मासिक काढतात, 'आपलं खुराडं'. आतला मजकूर मीच लावून देते. मुखपृष्ठावर दर महिन्याला एक पांढरी ब्रॉयलर कोंबडी. फोटो तोच, मागचा रंग तेवढा बदलायचा. आज ते पेनड्राइव्ह घेऊन आले, म्हणाले, फोटो उघडतच नाही, या वेळी तुम्हीच काहीतरी काढा. फक्त कोंबडी पाहिजे.

फक्त कोंबडी पाहिजे, म्हणजे बाकी सगळं माझं.

कर्जतला कॉलेजात असताना मी तीन एकांकिकांचं नेपथ्य केलं होतं. तिसरीला बक्षीस मिळालं, पण लेखनाचं. मग वर्षभर मुंबईला एका हौशी संस्थेत खिळे ठोकले, पडदे शिवले. मग लग्न, मग प्रिया, मग फ्लेक्स. रिकामी जागा बघून 'इथे दार कुठे ठेवावं' हा विचार माझ्या डोक्यात दहा वर्षांत आला नव्हता. आज डबा खाताना आला.

१४ जून

बुटाच्या खोक्याची पुढची बाजू कापली, झाला रंगमंच. मागे सासूबाईंच्या जुन्या जांभळ्या पोलक्याचा पडदा. पेणहून गणपती आणणाऱ्या टेंपोवाल्याकडून शाडू आणली होती, तिची बोटभर कोंबडी केली. रिकाम्या रंगमंचावर ती एकटी, डाव्या बाजूनं टॉर्चचा उजेड, पुढ्यात एक अंडं. त्याचा फोटो काढला आणि त्यावर कॉम्प्युटरवर रंग चढवले. चार तास कसे गेले कळलं नाही.

प्रिंट घरी दाखवली. स्वप्नील म्हणाला, एकटी का? प्रियाला कोंबडीचं नाव हवं होतं. आईंनी पोलकं ओळखलं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, मग लांब, मग पुन्हा जवळ. बराच वेळ बघितला. मग प्रियाच्या हातात देऊन म्हणाले, "तुज्या आयला सांग, कोंबडी बारीक हाय."

बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. लग्नाला अकरा वर्षं झाली. राग वगैरे काही नाही, त्यांची पद्धतच तशी. आणि चित्राबित्रांत त्यांना रस असायचं कारणही नाही. भात, कोंबड्यांची शेड आणि गुरुवारी चौक गावाची फेरी, यापलीकडे त्यांचं जग नाही.

५ जुलै

अंक निघाला. आणि मला पत्र आलं. संतोषभाऊ दुकानात आणून देताना हसत होते. सात वर्षांत मासिकाला आलेलं हे पहिलं पत्र म्हणे. एरवी फोन येतात, तेही खाद्याचे.

रेघांच्या कागदावर वळणदार अक्षर. जसंच्या तसं उतरवून ठेवते:

"संपादक महोदय, स. न. वि. वि. जुलैच्या अंकाचे मुखपृष्ठ पाहिले. कोंबडी नाटकात उभी केली आहे हे समजले व आनंद झाला. परंतु उजेड डावीकडून येत असून अंड्याची सावलीही डावीकडेच पडली आहे. असे होत नाही. उजेड कुठून येतो ते आधी ठरवावे, मग कोंबडी. कळावे. पदू शेळके, चौक."

पहिल्या वाचकाची ही तऱ्हा. दुपारभर चिडचिड झाली. संध्याकाळी फाइल उघडून बघितली. शेवटच्या क्षणी मी अंडं उलटवून कोंबडीच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं होतं, सावलीसकट. माणूस बरोबर आहे. त्यामुळे चिडचिड वाढली.

घरी आल्यावर प्रियाला ओरडले. तिच्या नव्या दुरेघी वहीची मधली पानं फाडलेली आहेत. ती म्हणते, मी नाही. मग काय कोंबड्यांनी फाडली?

६ ऑगस्ट

आजचा दिवस लिहिलाच पाहिजे.

ऑगस्टच्या मुखपृष्ठावर कोंबडी रंगमंच सोडून निघाली आहे आणि जाता जाता मान वळवून मागे बघते आहे. मागे एक कंदील. नटी शेवटच्या प्रवेशात दारापाशी थांबून बघते ना, तसं. मान जरा जास्तच वळवली होती मी, कारण त्यात नाट्य होतं.

सकाळी नऊपासून संतोषभाऊंचा फोन वाजतोय. ही कोणत्या गावची कोंबडी? मानमोडीची साथ आली का? वावोशीचा एक जण पिशवीत दोन कोंबड्याच घेऊन आला, यांचीही मान अशीच दिसते का बघा म्हणून. संतोषभाऊ आधी सगळ्यांना समजावत होते की ते नाटक आहे. मग दमले आणि लस द्यायला लागले. दुपारपर्यंत लस संपली. दुकान बंद करताना माझ्याकडे डोकावून अगदी मनापासून विचारलं, "ताई, पुढच्या महिन्यात सर्दी दाखवता येईल का?"

मी हसले, पण मला वाईट वाटलंय. शेवटच्या पानावर ज्यांची जाहिरात असते त्या हॅचरीवाल्यांचाही फोन आला होता: आमची पिल्लं आजारी वाटतात, आधीचा फोटोच बरा होता. मुखपृष्ठावर नाटक बघणारा अख्ख्या तालुक्यात एकही माणूस नसेल, तर मी हे कुणासाठी करते आहे?

१२ ऑगस्ट

एक आहे.

"ही मागे वळून बघते आहे, मान मोडलेली नाही, हे मला तरी समजले. चालू नाटकातून जाताना असेच बघतात. कंदील मात्र अगदी कोरडा काढला आहे. दिव्याभोवती कडे असते, इंद्रधनुष्यासारखे. आता तर प्रत्येक दिव्याभोवती असते. नीट बघावे. पदू शेळके, चौक."

दुकान बंद केल्यावर रिक्षाची वाट बघत नाक्यावर उभी राहिले, तेव्हा मुद्दाम दिव्यांकडे बघितलं. हायवेचे, ढाब्याचे, पेट्रोल पंपाचे. कडं कुठेच दिसलं नाही. शेळक्यांचं गाव धुक्यात असावं. पण कल्पना छान आहे. पुढच्या चित्रातल्या दिव्याला कडं देणार.

घरी गेले तर बाबा अंगणात बसले होते. मला बघून उठून आत गेले. माझं काही चुकलं का, आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाय गं. त्यांना तू दिवसभर दुकानात काय करतीस ते इचारायचं आसल." मग विचारायचं की.

८ सप्टेंबर

सप्टेंबरचं मुखपृष्ठ माझं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं. कोंबडा विंगेत उभा आहे, एन्ट्रीची वाट बघत. समोर रंगमंचावर पहाट होते आहे. खुंटीला विझत आलेला दिवा, दिव्याला कडं. पहाट आधी मी निळी केली होती, मग खरोखरच पहाटे उठून बघितलं आणि पुसून टाकली.

आज पत्र आलं. त्यात एवढंच: "उजेड बरा आहे. पहाट आधी राखेसारखीच असते, मग रंग येतो, हे तुम्ही धरले. विंगेत उभ्या असलेल्याचे पाय कसे असतात तेही बरोबर. पदू शेळके, चौक."

उजेड बरा आहे. मी ते सात वेळा वाचलं. कॉलेजच्या त्या बक्षिसाच्या वेळीसुद्धा माझं असं झालं नव्हतं. जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हटलं, हा माणूस कुणीतरी मोठा जाणकार आहे, मी त्याला भेटायला जाणार. बाबांना ठसका लागला. मग त्यांनी तिसऱ्यांदा भात घेतला, एरवी दुसऱ्यांदाही घेत नाहीत. आई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांची तब्येत बघायला हवी.

११ सप्टेंबर

तिन्ही अंक आणि पावशेर पेढे घेऊन चौकला गेले. चार गॅरेजं, दोन ढाबे आणि एक किराणा दुकान पालथं घातलं. शेवटी पंक्चर काढणाऱ्या एका म्हाताऱ्यानं डोकं वर केलं.

"बत्तीवाला पदू का? तो जाऊन अकरा वर्सं झाली, ताई."

म्हटलं, मला त्यांची पत्रं येतात.

"पदूची?" त्यानं माझ्याकडे जरा काळजीनंच बघितलं. "त्याला लिवता कुटं येत व्हतं? आंगठा करायचा."

बत्तीवाला म्हणजे वायरमन असावा. ते काही का असेना. मेलेला, निरक्षर वायरमन मला उजेड शिकवतोय. परत येताना टमटममध्ये दोन पेढे खाल्ले, उरलेले शेजारच्या बाईला दिले. माझं रडू तिला दिसू नये म्हणून बाहेर बघत राहिले. कुणीतरी माझी थट्टा करतंय. मी आपली पहाटे उठून आकाश बघत बसले.

१२ सप्टेंबर

कुणीतरी नाही. संतोषभाऊ. दुसरं कोण? पत्रं त्यांच्याच हातात येतात. पाकिटावरचा चौकचा शिक्का म्हणाल, तर खाद्य टाकायला ते रोज चौकला जातातच. मला काय बोललं की मी पेटून काम करते हे त्यांना पुरतं माहीत आहे. हसत आणून द्यायचे ना पत्र.

सकाळीच त्यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं तरी थांबले नाही. विचारलं, "माझी चेष्टा करायला तुम्हाला मेलेलाच माणूस सापडला का?"

ते गोणी शिवत होते, सुई तशीच राहिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्षदाताई, मला कोंबडी कळते. उजेडातलं मला काय कळणार?"

मी म्हटलं, दिवाळी अंकाचं तुमचं तुम्ही बघा. ते म्हणाले, बरं. एवढंच. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीसाठी मी काय योजलं होतं ते लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. या वेळी कोंबडी रंगमंचावर नाही. आपण रंगमंचावर उभे आहोत आणि समोर कोंबड्याच कोंबड्या, ओळीनं बसलेल्या, हाउसफुल्ल. तेवीस कोंबड्या करूनही झाल्या होत्या. खोका टेबलाखाली सरकवला.

१६ सप्टेंबर

बाबांनी परवा चहा बशीऐवजी बशीच्या बाहेर ओतला आणि काल फाटकाला धडकले. म्हणजे त्यांना नीट दिसतच नव्हतं. स्वप्नीलला सुट्टी नाही, म्हणून मीच त्यांना कर्जतला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तसंही दुकानात बसले की शेजारून गोणी शिवल्याचा आवाज येतो आणि संतोषभाऊ माझ्याकडे बघत नाहीत. जाताना रिक्षात आम्ही दोघं एकाच दिशेला तोंड करून बसलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, इतके दिवस काय करत होता? मग विचारलं, दिव्याभोवती कडी दिसतात का?

बाबा म्हणाले, "दोन वर्सं झाली. मला वाटलं, दिवंच तसं झाल्यात."

हे मी कुठेतरी वाचलंय असं वाटलं, पण तेवढ्यात नर्सनं सहीसाठी हाक मारली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आजच केलं. पंधरा दिवस वाकायचं नाही, लिहायचं-वाचायचं नाही. लिहायचं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कुठे काय लिहायचं असतं? 

२१ सप्टेंबर, रविवार



दुपारी प्रियाने टेबलाखालचा खोका ओढून काढला आणि कोंबड्या ओळीनं मांडल्या. बाबा खाटेवर बसलेले, उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली. प्रियाने विचारलं, या काय करतायत? मी म्हटलं, नाटक बघतायत. आणि टॉर्च घेऊन वरून उजेड टाकून दाखवला. तेवीस टकली चमकली, चेहरे काळे. म्हणूनच हे चित्र मला जमत नव्हतं.

खाटेवरून आवाज आला, "उजेड कुटून येतो ते आदी ठरवावं."

प्रियाला सांग वगैरे काही नाही. सरळ मला.

मी टॉर्च धरून तशीच उभी. डोळ्यांपुढे दुरेघी कागद, ते वळणदार अक्षर, गुरुवारची चौकची फेरी, दिव्याभोवतीची कडी. सगळं एकदम. इतके दिवस मी काय बघत होते? विचारणार होते, तुम्हीच का? पण त्यांचा उघडा डोळा माझ्याकडे नव्हता, कोंबड्यांवर होता. आणि कान लाल झाले होते.

मी म्हटलं, "मग कुठून येऊ दे, बाबा?"

ते उठले. प्रियाला खिडकी लावायला सांगितली. वाकायचं नाही म्हणून खोका उचलून भाताच्या कणगीवर ठेवायला लावला, त्यांच्या छातीइतका उंच. माझ्या हातातून टॉर्च घेतला, प्रियाच्या गोळीचा पिवळा कागद त्याच्यावर ताणून धरला आणि खोक्याच्या अलीकडे, अगदी खाली, आडवा ठेवला.

पहिल्या ओळीच्या चोची, तुरे, डोळे पेटले. दुसरी ओळ मऊ झाली. शेवटच्या ओळीची नुसती कड दिसत होती. त्या खरंच काहीतरी बघत होत्या.

"लोकांच्या तोंडावर उजेड नाटकाचाच पडतो," बाबा म्हणाले. "दुसरा कुटला?"

मग ते बोलत राहिले. गावात वीज नव्हती तेव्हा जत्रेच्या नाटकाला दोन गॅसबत्त्या असायच्या, रंगमंचाच्या दोन टोकांना. एक पदूची, एक यांची. रात्रभर पंप मारायचा, पहाटेच्या प्रवेशाला पुढे कागद धरायचा. पंचक्रोशीतल्या सगळ्या जत्रा दोघांनी मिळून केल्या. मी विचारलं, मग सगळी नाटकं तुम्हाला पाठ असतील?

"आयकून पाठ. बगितलं कंदीच नाय," ते म्हणाले. "आमची पाठ नाटकाकडं आन तोंड लोकांकडं. बत्ती उतराया लागली की पयलं लोकांच्या तोंडावर कळतं. म्हणून तोंडंच बगायची. मी आख्खी जवानी लोकांची तोंडं बगितली."

टॉर्च त्यांनी धरला, फोटो मी काढले. चाळीस-पन्नास तरी असतील.

नंतर स्वयंपाकघरात आई म्हणाल्या, "बोलले एकदाचे." मग कांदा चिरता चिरता, "प्रियाला वरडू नको. पानं मीच फाडून देत व्हते." मी विचारलं, तोंडावर का नाही बोलले? आईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी काहीच शिकले नाही. "तोंडावर कसं बोलायचं? सुनेच्या चुका काडायच्या का? पदूच्या नावानं बोलायला बरं पडतं."

२२ सप्टेंबर

संतोषभाऊंची माफी मागितली. चार वाक्यं घरून ठरवून गेले होते, दुसऱ्याच वाक्याला ते म्हणाले, राहू द्या. मुखपृष्ठ अजून छापायला गेलं नव्हतं. हॅचरीवाल्यांनी नव्या ब्रॉयलरचा फोटो पाठवलाय, तोच लागला पाहिजे, नाहीतर दिवाळीची जाहिरात काढून घेऊ, असं बजावलंय.

मी प्रिंट पुढे ठेवली. त्यांनी ती काउंटरवर ठेवून दोन्ही हात टेकून बघितली. एकेक कोंबडी तपासली. मला वाटलं, रोग शोधतायत.

"सगळ्या निरोगी आहेत," ते म्हणाले. आणि मग, "जाऊ दे. शेवटच्या पानावर माझ्याच दुकानाची जाहिरात टाका."

निघताना विचारलं, मग पदू शेळके कोण निघाला? मी म्हटलं, आहे एक वाचक. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी या माणसाला तीन महिने अरसिक समजत होते.

१० ऑक्टोबर

दिवाळी अंक आला. एकही रोगाचा फोन नाही. तीन जणांनी विचारलं, त्या कोंबड्या कसलं नाटक बघतायत. कर्जतच्या एका नाट्यमंडळानं जानेवारीच्या महोत्सवाचं पोस्टर कराल का म्हणून विचारलंय, आणि जमलं तर नेपथ्यही. हो म्हणून टाकलंय. भीती वाटते आहे, पण हो म्हणून टाकलंय.

बाबांची वाटी निघाली. पहिला अंक त्यांना दिला, या वेळी थेट हातात. ते दारापाशी जाऊन उभे राहिले, अंक हातभर लांब धरला. नव्या डोळ्यानं बराच वेळ बघितला. मी पदर हातात गुंडाळत मागे उभी. प्रिया खेळायला गेली होती, आई शेजारी, म्हणजे घरात आम्ही दोघंच.

"दुसऱ्या वळीतली, डावीकडनं तिसरी," ते म्हणाले. "ती झोपलेय का?"

"नाही बाबा. कंटाळलेय."

त्यांनी पुन्हा बघितलं आणि मान हलवली.

"आसते," म्हणाले. "एक तरी आसतेच."